साहेबाचे ओटे

देवगडच्या जावयानं मुलांना विजयदुर्ग न दाखवता परत नेणं म्हणजे सोलकढी न पिता पानावरून उठणं! तेव्हा घावन-चटणीचा डबा घेऊन आम्ही सहकुटुंब किल्ल्यावर. 'साहेबाच्या ओट्यां'पाशी मी छाती फुगवून म्हणालो, "लॉकियरसाहेबाला सूर्यावरचा हेलियम इथूनच दिसला. १८६८ साली!"

"बाबा," धाकटी म्हणाली, "तेव्हा तो इंग्लंडात होता. इथं आला १८९८च्या जानेवारीत, खग्रास ग्रहण पाहायला. त्याआधीच, १८९५ साली, रॅम्झेला हेलियम पृथ्वीवर सापडलासुद्धा!"

"घ्या, घावन खा," ही म्हणाली.

खाल्लं. ओटे खरे, ग्रहण खरं, साहेबही खरा. गावाच्या अभिमानाला एवढं पुरे की! छातीतला जादा हेलियम मी हळूच सोडून दिला.