रेट्याची काठी : नॉर्डिक चालीचे बारमाही शास्त्र

काठी माणसाच्या दोन प्रकारे उपयोगी पडते. वृद्धाच्या हातातली काठी पावलाच्या पुढे टेकते, अंगाचा थोडा भार स्वतःवर घेते आणि तोल सावरते. खाडीत होडी लोटणाऱ्याचा बांबू मात्र मागच्या अंगाला टेकतो. तो भार घेत नाही, होडीला पुढे सारतो. पहिल्या काठीचे काम आधाराचे, दुसरीचे रेट्याचे. फिनलंडमधून जगभर गेलेल्या नॉर्डिक वॉकिंगचा सगळा विचार या भेदावर उभा आहे. दोन काठ्या घेऊन झपाझप चालणारा माणूस दिसला की ‘याचे गुडघे दुखत असावेत’ असे मनात येते. तेव्हा आपण रेट्याच्या काठीला आधाराची काठी समजत असतो. या व्यायामाची भलामण करणाऱ्यांच्या हातूनही ही गल्लत वारंवार झाली आहे, आणि तिच्यापायी त्याचे खरे गुण झाकले गेले आहेत.

माझे प्रतिपादन असे आहे : चालणाऱ्याच्या काठीतले रेट्याचे आणि आधाराचे प्रमाण जमिनीप्रमाणे, म्हणजेच ऋतूप्रमाणे बदलते. ते असे बदलता येते म्हणूनच ही चाल बारमाही होऊ शकते.

उगम

फिनिश भाषेत या प्रकाराला ‘साउवाकॅवेली’ म्हणतात. साउवा म्हणजे काठी, कॅवेली म्हणजे चालणे. नाव साधे आहे, कारण गोष्टही तिथल्या लोकांना नवी नव्हती. बर्फावरून लांब पल्ल्याचे स्कीइंग करणाऱ्या खेळाडूंपुढे दरवर्षी एकच अडचण उभी राहते : बर्फ वितळले की सरावाचे काय? धावण्याने पाय आणि दम तयार राहतात. पण स्कीमध्ये दंड, खांदे आणि पाठ जे काम करतात त्याला धावण्यात वाव नाही. म्हणून उन्हाळ्यातही हे खेळाडू स्कीच्या काठ्या घेऊन टेकाडे चढत, उड्या घेत वर जात, लांब अंतरे चालत. प्रशिक्षक माउरी रेपो यांनी १९७९ साली स्कीच्या प्रशिक्षणाविषयी लिहिताना या काठीच्या चालीचे वर्णन केले.

खेळाडूंचा हा सराव सामान्य माणसापर्यंत पोहोचला तो १९९०च्या दशकात. १९९७ साली मार्को कांतानेवा यांचे या चालीवरचे लेखन आले आणि त्याच वर्षी एक्सेल या फिनिश कंपनीने खास चालण्यासाठी बनवलेली काठी बाजारात आणली. १९३८ साली स्थापन झालेल्या ‘सुओमेन लातू’ या मैदानी व्यायामाच्या संस्थेने प्रसाराची बाजू उचलली. ‘नॉर्डिक वॉकिंग’ हे इंग्रजी नावही याच सुमारास रुजले, आणि २००० साली आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. म्हणजे चाल जुनी आणि नाव अलीकडचे. या चालीचा जन्मच एका ऋतूची सवय दुसऱ्या ऋतूत टिकवण्याच्या गरजेतून झाला, ही गोष्ट पुढच्या विवेचनात ध्यानात ठेवावी लागेल.

रेटा कसा घडतो

साध्या चालण्यात उजवा पाय पुढे जाताना डावा हात पुढे येतो. नॉर्डिक चालीतही हेच घडते. फक्त त्या हातात काठी असते. हात हस्तांदोलनाला पुढे करावा तसा पुढे येतो. काठीचे टोक मात्र हाताच्या पुढे जात नाही. ते पुढचे पाऊल आणि मागचे पाऊल यांच्या मधल्या जागेत टेकते आणि काठी मागे कललेली राहते. मग हात काठीवर जोर देत खाली आणि मागे जातो, कमरेच्याही मागे जातो, आणि तिथे मूठ उघडते.

मूठ उघडणे हे या चालीचे मर्म आहे, असे मी म्हणेन. काठीला साधा फासा नसतो, अर्ध्या हातमोज्यासारखा पट्टा असतो. तो तळहाताला धरून राहतो. बोटे सैल सोडली तरी पट्ट्यातून जोर काठीत उतरत राहतो. त्यामुळे दंडाची मागची बाजू, पाठीचे रुंद स्नायू आणि पोट यांना पूर्ण लांबीचे काम मिळते. मूठ आवळून धरली की हात कमरेपाशीच थबकतो, रेटा अर्ध्यावर तुटतो आणि मनगट व खांदे तेवढे दुखू लागतात. नवशिक्याच्या इतर चुकाही ओळखीच्या आहेत : काठी पुढे उभी टेकणे, कोपर सतत वाकलेले ठेवणे, आणि लक्ष देऊन चालायच्या नादात उजवा हात व उजवा पाय एकदमच पुढे काढणे. या शेवटच्या चुकीवर सोपा इलाज आहे. काठ्या जमिनीवर नुसत्या फरफटत नेत शंभर पावले नेहमीसारखे चालावे. हातांना आपली लय आपोआप सापडते, आणि मग हळूहळू जोर द्यायला लागावे.

काठीची लांबी उंचीच्या सुमारे ०.६८ पट धरतात. १६५ सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीला ११० सेंटिमीटरच्या आसपासची काठी बसते. ती हातात उभी धरली असता कोपर साधारण काटकोनात यावे. नवशिक्याने किंचित आखूड काठी घ्यावी. लांब काठी शिकण्यात अडथळा आणते.

मोजमापे काय सांगतात

अमेरिकेतील कूपर इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००२ साली २२ स्त्रीपुरुषांवर मैदानात चाचणी घेतली. काठ्यांसह चालताना प्राणवायूचा वापर सरासरीने सुमारे वीस टक्क्यांनी वाढला. नाडीची गती थोडी वाढली. पण ‘किती दमलात?’ या प्रश्नाचे उत्तर फारसे बदलले नाही. काम जास्त अंगांत वाटले गेल्यामुळे ते जड वाटले नाही, असा याचा अर्थ लावता येतो.

एवढ्यावरून काठीत जादू आहे असे म्हणता येणार नाही. फिनलंडमधील तांपेरे शहरात, प्रदीर्घ काळ राष्ट्राध्यक्ष असलेले आणि स्वतः पट्टीचे स्कीपटू असलेले उर्हो केक्कोनेन यांच्या नावाची आरोग्य-संशोधन संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी बैठी जीवनशैली असलेल्या मध्यमवयीन स्त्रियांचे दोन गट केले : एक काठ्यांसह चालणारा, दुसरा काठ्यांविना. दोघांनाही नाडीची सारखीच पातळी राखून १३ आठवडे चालायला सांगितले. शेवटी दोन्ही गटांची क्षमता वाढली, आणि जवळपास सारखीच वाढली. २००७ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. हृदयाला काम किती मिळाले याला महत्त्व आहे. ते काठीने मिळाले की वेगाने, याला नाही. ज्याला बिनकाठीने वेगात चालता येते, त्याला काठी फार काही जास्तीचे देणार नाही. ज्याला तो वेग झेपत नाही, त्याला काठी कमी वेगातच तेवढे काम देते. वयस्कर, स्थूल, बऱ्याच खंडानंतर व्यायामाकडे वळलेल्या माणसांसाठी हा फरक निर्णायक ठरतो. कॅनडातील ओटावा येथे हृदयरोग्यांच्या पुनर्वसनात तीन प्रकारच्या व्यायामांची तुलना झाली, तेव्हा सहा मिनिटांत चालता येणाऱ्या अंतरात सर्वाधिक सुधारणा नॉर्डिक वॉकिंगच्या गटात दिसली. त्याची संगतीही इथेच लागते.

आता गुडघ्यांविषयी. या चालीने गुडघ्यावरचा भार बराच कमी होतो, असे सर्रास सांगितले जाते. डेन्मार्कमधील संशोधकांनी २००८ साली सपाटीवरच्या चालीत हा भार प्रत्यक्ष मोजला आणि तो कमी होत नसल्याचे दाखवले. आपल्या भेदाच्या उजेडात हे स्वाभाविकच दिसते. रेट्याची काठी मागे टेकते. टाच जमिनीवर आदळते त्या क्षणी ती भार घ्यायला पुढे नसतेच. उलट रेट्यामुळे पावले लांब पडतात. उतारावर गोष्ट वेगळी असते. तिथे काठ्या पुढे टेकल्या की त्या आधाराच्या होतात आणि गुडघ्याचा भार खरोखर हलका होतो. गुडघेदुखीच्या माणसाला सपाट रस्त्यावर काठीचा रेटा देऊन भरघोस आराम मिळेल असे आश्वासन देणे मला गैर वाटते. त्याने चालावे, पण ते हृदयासाठी, स्नायूंसाठी आणि तोलासाठी.

दुखापती कमी होतात. ज्या होतात त्यांत अंगठ्याची दुखापत विशेष आहे : पडताना काठी पट्ट्यातून सुटत नाही आणि अंगठ्याच्या मुळाचा अस्थिबंध ताणला जातो.

वर्षाचा फेरा

फिनलंडच्या भूभागाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग जंगलाने व्यापला आहे. ‘योकामिएहेन ओइकेउस’, म्हणजे सर्वांचा हक्क, या परंपरेने कोणालाही कोणाच्याही जंगलातून पायी जाता येते, रानफळे आणि अळिंबी गोळा करता येतात. घराचे अंगण आणि पेरलेले शेत तेवढे वर्ज्य. शिवाय गावोगावी जंगलातून फिरवलेल्या, दिवे लावलेल्या व्यायामवाटा असतात. ही सोय नसती तर काठीची चाल एवढी पसरली असती असे मला वाटत नाही.

उन्हाळ्यात काठी शुद्ध रेट्याची असते. जूनमध्ये हेलसिंकीत दिवस जवळपास १९ तासांचा. रात्री दहालाही निवांत चालता येते. पाइनच्या काट्यांनी झाकलेल्या मऊ मातीत काठीचे धातूचे टोक नेमके रुतते आणि सगळा जोर परत मिळतो. तंत्र शिकायचे ते याच दिवसांत. त्रास किड्यांचा : डास सगळीकडे, आणि किनारपट्टीच्या व बेटांवरच्या उंच गवतात गोचीड. गोचिडीतून लाइम रोगाचा धोका असल्याने घरी आल्यावर अंग तपासणे हा चालण्याचाच भाग मानावा. जुलैच्या अखेरीला वाटेच्या दोन्ही बाजूंना रान-ब्लूबेरी पिकतात आणि वेगाचा हिशेब बिघडतो. तो बिघडू द्यावा.

सप्टेंबरात उत्तरेकडे पाने तांबडी-पिवळी होतात; या रंगसोहळ्याला ‘रुस्का’ असा खास शब्द आहे. पण पाने गळून भिजली की खडकावरून पाऊल घसरते. चढावर रेटा, उतारावर आधार असा पालट पावलागणिक करावा लागतो. ऑक्टोबरपासून मूस हरणांच्या शिकारीचा हंगाम असल्याने जंगलात जाताना भडक नारिंगी कपडे घालणे शहाणपणाचे.

खरी कसोटी नोव्हेंबरची. फिनिशमध्ये या महिन्याचे नाव ‘मार्रासकू’, आणि त्यातल्या ‘मार्रास’चा अर्थ मरणाशी जोडलेला आहे. पाने नाहीत, बर्फ अजून धरत नाही, दिवस आखडत जातो आणि जमीन काळी असल्यामुळे उजेड परावर्तितही होत नाही. उन्हाळाभर चालणारी माणसे इथेच घरात बसतात. चार-सहा आठवड्यांचा खंड पडला तरी कमावलेला दम ओसरू लागतो, म्हणून या महिन्याचा विचार शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही करायला हवा. हेलसिंकी-एस्पूमध्ये नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी माणसाला तर हा काळ डिसेंबरच्या थंडीपेक्षा अवघड जातो. थंडीची तयारी करून तो आलेला असतो, काळोखाची नाही. उपाय साधे आहेत. दुपारच्या सुट्टीत, जो काही उजेड असेल त्यात, अर्धा तास चालावे. अंधारात निघताना रिफ्लेक्टर लावावा. तो वापरावा असे तिथला रहदारीचा कायदाच सांगतो. आणि सोबत शोधावी. काठीच्या चालीत दम इतकाच लागतो की बोलता यावे, त्यामुळे ती गटाने करण्यासारखी आहे.

हिवाळ्यात काठीचा स्वभाव पालटतो. डिसेंबरात हेलसिंकीत दिवस सहा तासांहूनही लहान होतो. दक्षिणेत बर्फ वितळते, पुन्हा गोठते, आणि रस्त्यावर दिसणारही नाही असा काचेसारखा थर बसतो. इथे काठीने आधाराकडे वळायला हवे : पावले आखूड, काठी जरा उभी, टोकावरचे रबरी बूट काढलेले. टंगस्टन कार्बाइडचे कठीण टोक बर्फाला धरते. रबर त्यावर घसरते. बुटांखालीही खिळे हवेत, कारण काठी तोल सावरते, पाऊल रोवत नाही. कपड्यांत अंगालगत लोकर किंवा कृत्रिम धागा असावा, सुती नको. हातही काम करत असल्यामुळे घाम साध्या चालण्यापेक्षा लवकर येतो आणि भिजलेले सुती कापड उलट अंग गारठवते. घरातून निघताना किंचित थंडी वाजली तर कपडे बरोबर आहेत असे समजावे. कडाक्याच्या थंडीत रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब वाढतो, कोरड्या गार हवेने दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळतात. अशा माणसांनी तोंडावर कापड घ्यावे, सुरुवात अगदी सावकाश करावी आणि पारा फार उतरला तर त्या दिवशी थांबावे.

वसंत दिसायला सुखद, चालायला तितकासा नाही. हिवाळाभर रस्त्यांवर पसरलेली खडी बर्फ गेल्यावर उघडी पडते; तिच्यावर काठीचे टोक सरकते आणि रेटा वाया जातो. तिचीच धूळ हवेत उडते, आणि मे महिन्यात बर्चचे पराग तिच्यात भर घालतात. पराग सोसत नाहीत त्यांनी पाऊस पडून गेल्यावर निघावे. बाकीच्यांनी रस्ता सोडून जंगलात शिरावे.

जिथे बर्फ नीट पडते तिथे हिवाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. उन्हाळ्यात ज्या दिव्यांच्या वाटेवर चालायचे, तिच्यावरच यंत्राने स्कीचे चर पाडले जातात, आणि त्या दिवसापासून चालणाऱ्यांना तिथे मज्जाव असतो. पायांनी चर मोडतात. चालणाऱ्याला दोन मार्ग उरतात : बर्फ साफ केलेल्या रस्त्याने चालावे, किंवा पायांत स्की चढवावी. स्की चढवणाऱ्याला हात नव्याने शिकवावे लागत नाहीत. तेच आंदोलन, तोच कमरेमागे जाणारा जोर, तीच उघडणारी मूठ. फक्त पाऊल आता घसरत पुढे जाते आणि प्रत्येक रेटा लांबतो, म्हणून काठीही लांब लागते. ११० सेंटिमीटरची जोडी खुंटीला टांगायची आणि १४० सेंटिमीटरच्या आसपासची खाली काढायची.