हिंगोलीचा हरिसिंग आणि लंडनची भीती

हिंगोली शहरात आजही पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावं रोजच्या बोलण्यात आहेत. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणाऱ्या फौजेची इथे छावणी होती, तिची ही खूण. परदेशी चित्रपटांमध्ये ठगांच्या खुनी पंथाचं जे चित्र दिसतं, त्याचा एक धागा याच छावणीच्या बाजारात सापडतो. निजामाच्या नोकरीतला अधिकारी फिलिप मेडोज टेलर याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी 1839 साली लंडनमध्ये निघाली. तिच्या प्रस्तावनेत तो हिंगोलीच्या हरिसिंग नावाच्या प्रतिष्ठित व्यापाऱ्याची हकीकत सांगतो. या हरिसिंगाने मुंबईहून कापड आणण्याचा परवाना मागितला. ते कापड आधीच वाटेत होतं आणि जवळच्याच एका गावच्या व्यापाऱ्याचं होतं. हरिसिंगाने तो व्यापारी, त्याचे नोकर आणि जनावरं हाकणारी माणसं यांना वाटेत संपवलं, माल परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीत उघड विकला. पुढे पकडला गेल्यावर त्याने स्वतःच सांगितलं, म्हणून हे कळलं. छावणीच्या पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे वारांवर, ओढ्याच्या कोरड्या पात्रात प्रेतं पुरलेली होती. माफीचे साक्षीदार थंडपणे एकेक जागा दाखवत होते आणि शेवटी किळस येऊन खोदकाम थांबवावं लागलं, असं टेलर लिहितो.

या हकीकतीतली भीती वेगळ्या जातीची आहे. इथे ओसाड वाडा नाही, अमावास्या नाही. रोज ज्याच्याकडून कापड घ्यायचं तोच गळा आवळणारा निघतो. पण कादंबरीत शिरल्यावर या भीतीचा मालक बदलला. कादंबरीतला ठग अमीर अली आपली कहाणी एका साहेबाला सांगतो, ऐकणारा साहेब, वाचणारा विलायतेतला, आणि राक्षस मात्र इथला. पुढे हाच साचा पडद्यावर आला. भयपटांसाठी नावाजलेल्या इंग्लंडच्या हॅमर कंपनीने 1959 मध्ये 'द स्ट्रँगलर्स ऑफ बॉम्बे' काढला. 1984 च्या 'इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम'मध्ये ठग थेट नरबळी देणारे झाले. भारतात चित्रीकरणाचा मेळ न बसल्याने तो श्रीलंकेत चित्रित झाला. भीती आपल्या मातीतून गेली, पण ती सांगणारा आणि पाहणारा, दोघेही परके राहिले. भयपट एकत्र जमून पाहायच्या महोत्सवाचं महत्त्व मला इथे दिसतं. भीती कोण सांगतो, कोणाला सांगतो आणि राक्षस कोणाला ठरवतो, हे तिथे जमलेली माणसं आपल्या हाती घेऊ शकतात.

यावर पहिला आक्षेप असा की खून खरे होते, प्रेतं खरी होती. मग टेलरने काय बिघडवलं? प्रश्न रास्त आहे, आणि हरिसिंगाच्या बळींना कल्पित ठरवणं हा त्यांच्यावर दुसरा अन्याय होईल. पण मेलेली माणसं खरी असणं वेगळं आणि मारणाऱ्यांचा देशभर पसरलेला, देवीच्या नावाने वंशपरंपरेने चालणारा एक पंथ असणं वेगळं. या दुसऱ्या गोष्टीचा आधार बहुतांशी माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या हाच होता, आणि सरकारला हवं ते सांगण्यावर त्यांचा जीव अवलंबून होता. 1836 च्या कायद्याने तर ठगांच्या टोळीत असल्याचं सिद्ध झालं की जन्मठेप देता येऊ लागली. ठरावीक खून सिद्ध करण्याची गरज उरली नाही. किम वॅग्नर यांच्यासारख्या अलीकडच्या इतिहासकारांनी ठगीकडे पंथ म्हणून न पाहता वाटमारीचा एक प्रकार म्हणून पाहिलं आहे. हरिसिंगाच्या हकीकतीतही देवीपेक्षा कापडाचे गठ्ठे आणि सरकारी परवाना ठळक आहेत.

भीतीची मालकी परत घेण्याचं काम आपल्याकडे हळूहळू झालं. रामसे बंधूंनी 1972 च्या 'दो गज़ ज़मीन के नीचे'पासून कमी पैशांत, घरच्याच माणसांच्या बळावर भयपट काढले. 'टेंपल ऑफ डूम' आला त्याच 1984 मध्ये त्यांचा 'पुराना मंदिर' आला. हॅमरची छाप त्यांच्यावर आहेच; पण प्रेक्षक लहान शहरांतला, थेटर त्याचं आणि किंकाळीही त्याचीच. मराठीत हे काम आधी छापील पानावर झालं. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी वाडा, माजघर, आजी, शेजार यांतूनच भय उभं केलं. धारपांच्या 'आजी' या कथेतून प्रेरणा घेतलेला राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' 2018 मध्ये व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाचा उद्घाटनाचा चित्रपट ठरला. चित्रपट हिंदी, पण वाडा, पाऊस, सोवळं आणि हाव सगळी मराठी. त्यात सांगणारा परका नाही आणि राक्षसही परका नाही. राक्षस म्हणजे घरातलीच हाव. 2024 मध्ये तो पुन्हा थेटरात लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. तो पुन्हा थेटरात आणण्यामागे सहा वर्षं त्याच्याविषयी एकमेकांशी बोलत राहिलेले प्रेक्षक होते.

अशा प्रेक्षकांना एका जागी आणणं हेच महोत्सवाचं काम. स्पेनमधल्या सिट्जेस या समुद्रकाठच्या छोट्या गावात 1968 पासून असा महोत्सव भरतो. मुंबईत सपना भवनानी यांनी सुरू केलेला वेंच फिल्म फेस्टिव्हल भयपट, विज्ञानकथा आणि अद्भुतपटांना वाहिलेला आहे, आणि बायकांनी सांगितलेल्या गोष्टींना तो मुद्दाम जागा देतो. हे चोचले महानगरांचे, हिंगोलीसारख्या जिल्ह्याला त्याचं काय, असं कोणी विचारेल. उत्तर हिंगोलीच्याच दसऱ्यात आहे. खाकीबाबा मठाशी जोडलेला हा उत्सव एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे. रामलीला आणि रावणदहन पाहायला मैदानावर अलोट गर्दी लोटते. रामलीला म्हणजे भयपट नव्हे, ती श्रद्धेची गोष्ट आहे, हे कबूल. पण दहा तोंडांचा राक्षस सगळ्यांच्या देखत उभा करायचा, त्याला पाहून पोरांनी आईचा पदर धरायचा आणि मग तो सगळ्यांनी मिळून जाळायचा, ही भीती हाताळण्याची सामूहिक सवय हिंगोलीत जुनी आहे. तो पुतळा बांबू-कागदाचा आहे हे तिथे प्रत्येकाला ठाऊक असतं, तरी अंगावर काटा येतोच.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार. 2013 मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. अशा राज्यात भुताखेतांचे चित्रपट साजरे करणं म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी नाही का? पण भोंदू बाबाची भीती खरी असल्याचं भासवूनच विकली जाते. ती खोटी आहे हे कळलं की त्याचा धंदा बुडतो. भयपटाची भीती खोटी आहे हे तिकीट काढतानाच कळलेलं असतं. ज्याला पडद्यावरचं भूत कसं रचलं जातं हे ठाऊक आहे, तो बाबाच्या अंगातलं वारंही डोळसपणे पाहू शकतो. अर्थात त्यासाठी चित्रपटानंतर चर्चा हवी, नुसती किंकाळी पुरत नाही.

हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याच्या मातीतली भीती त्याआधी दीडशेहून अधिक वर्षं परक्यांच्या पानांवर आणि पडद्यावर गाजत होती. हरिसिंगाची गोष्ट लंडनच्या वाचकाने वाचली. हिंगोलीच्या मैदानावर ती हिंगोलीकरांनी आपल्या भाषेत, आपला राक्षस आपण ठरवून, अजून सांगायची आहे.