म्हातारपणाचे दोन नकाशे

१ जानेवारी १९६० रोजी अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्सच्या वायव्येकडच्या कापूसपट्ट्यात मोटारींची रीघ लागली. डेल वेब या बांधकाम व्यावसायिकाच्या कंपनीने तिथे पाच नमुना घरे, दुकानांचे संकुल, करमणूक केंद्र आणि गोल्फचे मैदान आधीच उभे करून ठेवले होते. दहा हजार माणसे आली तरी खूप, असा अंदाज होता. तीन दिवसांत लाखभर लोक येऊन गेले आणि २३७ घरे विकली गेली. गावाचे नाव होते सन सिटी. अट एकच, पण कडक होती: घरात निदान एक जण पन्नाशी ओलांडलेला हवा आणि मुले नकोत.

कल्पना मात्र वेबची नव्हती. शेजारीच १९५४ साली बेन श्लायफर या रशियात जन्मलेल्या गृहस्थाने यंगटाउन वसवले होते. ज्येष्ठांनी कुणावर भार न होता, बेताच्या पैशांत आणि आपल्या मर्जीने जगावे, एवढाच त्याचा हेतू. वेबने त्या साधेपणाला चकचकीत रूप दिले. न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाचा तो सहमालक होता, लास व्हेगासचे फ्लेमिंगो हॉटेलही त्याच्याच कंपनीने बांधले होते. त्यामुळे लोकांना नेमके काय विकायचे, हे त्याला पक्के ठाऊक होते. घर तर विकायचेच, पण त्यासोबत निवृत्तीनंतरचा दिवसही विकायचा.

तोवर तसा दिवस कुणी फारसा विकला नव्हता. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने अमेरिकी कामगाराला म्हातारपणी दरमहा रक्कम मिळू लागली आणि युद्धानंतर अनेक कंपन्यांची पेन्शनही तिच्या जोडीला आली. हातात पैसा होता, आयुष्यही लांबले होते. करायचे काय, एवढाच प्रश्न उरला होता. मुलानातवंडांना आणि जुन्या शेजाराला सोडून म्हातारी माणसे वाळवंटात येणार नाहीत, असे जाणकार सांगत होते. वेबने पोहण्याचे तलाव, सुतारकामाच्या खोल्या आणि छंदांचे वर्ग पुढे केले. जाहिरातीत ‘विश्रांती’ऐवजी ‘सक्रिय’ हा शब्द आला. ऑगस्ट १९६२ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर वेब झळकला.

गावाची आखणीही त्याच विचाराने झाली होती. एकमजली बैठी घरे, वर्तुळाकार रस्ते, गोल्फगाड्यांना मोकळी वाट. सन सिटीला नगरपालिका नव्हती आणि आजही नाही. करमणूक केंद्रांचा खर्च रहिवाशांच्या वर्गणीतून भागतो, गस्तीला आणि रस्त्यांच्या सफाईला स्वयंसेवक असतात.

या नकाशात शाळेला जागा नव्हती आणि पहिला मोठा वाद शाळेवरूनच पेटला. सन सिटी पिओरिया गावाच्या शाळा-जिल्ह्यात मोडत असे. नव्या शाळांसाठी कर्जरोखे काढायचे ठराव मतदानाला आले की सन सिटीकर ते पाडत. आपली मुले केव्हाच शिकून बाहेर पडली, आता या कराचा बोजा आपण का उचलायचा, हा त्यांचा सवाल. शेवटी सत्तरच्या दशकात सन सिटीला त्या जिल्ह्यातून वगळूनच तोडगा निघाला.

वयाची अट कायद्याच्या कसोटीलाही लागली. मुले असलेल्या कुटुंबांना घर नाकारण्यावर १९८८ मध्ये अमेरिकेत बंदी आली, पण ज्येष्ठांच्या वसाहतींना सूट मिळाली. १९९५ च्या कायद्याने त्या सुटीचे गणित सोपे केले: किमान ८० टक्के घरांत ५५ वर्षांवरचा एक तरी रहिवासी हवा. सन सिटी त्यात बसली. यंगटाउनमध्ये मात्र आजीआजोबांकडे राहणाऱ्या एका किशोरवयीन मुलावरून वाद झाला आणि १९९८ मध्ये तिथली वयाची अट गेली.

वेब घरे विकत होता, त्याच काळात न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या संघटनेने पेन साउथ ही सहकारी वसाहत बांधली. दहा इमारती, २,८२० सदनिका. मे १९६२ मध्ये अध्यक्ष केनेडी लोकार्पणाला आले होते. इथे वयाची अट नव्हती. पण परवडणारे घर सोडून कोण जाणार? माणसे तिथेच राहिली आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर पाहावे तर निम्म्याहून अधिक रहिवासी साठीपलीकडचे. कुणी पडत होते, कुणी विसरत होते, कुणी एकटे उरले होते.

वसाहतीने त्यांना हलवले नाही. १९८६ मध्ये समाजसेवी संस्थांना हाताशी धरून सोसायटीच्या आवारातच सामाजिक कार्यकर्ते आणि परिचारिका आणल्या. आपोआप ज्येष्ठांची झालेली वस्ती ही संकल्पना विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या मायकल हंट यांनी त्याच सुमारास मांडली होती. न्यूयॉर्क राज्याने नव्वदच्या दशकात अशा वस्त्यांसाठी सरकारी निधीची तरतूद केली.

सन सिटीला हा प्रश्न उलट्या बाजूने भेटला. पन्नाशी-साठीत आलेली जोडपी ऐंशीला पोचली. गावात १९७० मध्ये रुग्णालय सुरू झाले होते, पण मोटार चालवता येईनाशी झाली की तलाव, दुकान आणि डॉक्टर हे सगळेच लांब पडू लागले. धडधाकट निवृत्तांसाठी काढलेल्या नकाशात थकलेल्या माणसाच्या फेऱ्या मोजलेल्या नव्हत्या.

महाराष्ट्रातही हे दोन्ही नकाशे दिसतात. पुण्यात ‘अथश्री’सारखे खास ज्येष्ठांसाठीचे गृहप्रकल्प उभे राहिले, तिथली वाट सन सिटीची. पेन साउथच्या वाटेने गेलेल्या वस्त्या त्याहून कितीतरी अधिक आहेत. पुणे, डोंबिवली, नाशिकमधल्या जुन्या सहकारी सोसायट्या तरुण बिऱ्हाडांसाठी बांधल्या गेल्या. त्यातल्या कित्येकांत लिफ्ट नाही आणि मुले परदेशी किंवा दुसऱ्या शहरात आहेत. ज्येष्ठ नागरिक संघ आणि विरंगुळा केंद्रे तिथे गप्पांची, सहलींची, आरोग्य तपासणीची सोय करतात. मात्र तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला त्या केंद्रापर्यंत पोचायचे तर आधी जिने उतरावे लागतात. म्हणून आता इमारतीच्या पुनर्विकासाची बैठक बसली की लिफ्टचा मुद्दा सदनिकेच्या चौरस फुटांच्या बरोबरीने निघतो.