‘कुटुंबाचा इतिहास’ या रकान्यात आपण काय लिहिणार?

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी वंदना आटोपल्यावर आम्ही गोवंडीतल्या आमच्या विहारात बीपी-शुगर तपासणी ठेवली होती. आरोग्यसेविका ताई फॉर्मचा गठ्ठा घेऊन आल्या. तीस वर्षांवरच्या प्रत्येकासाठी सरकारी मोहिमेत भरून घेतात तोच हा फॉर्म. वय किती, तंबाखू-मिश्री आहे का, दारू घेता का, कंबर किती सेंटिमीटर, आठवड्याला 150 मिनिटे तरी अंगमेहनत होते का, आणि शेवटी आई, वडील, भावंडांपैकी कुणाला शुगर, बीपी किंवा हृदयविकार आहे का. गुण जोडायचे. बेरीज 4 च्या वर गेली की तपासणीत त्या माणसाचा नंबर आधी.

रस्ता झाडायच्या कंत्राटी कामावर असलेली आमची एक ताई रांगेत होती. कुटुंबाचा प्रश्न आला तेव्हा म्हणाली, “आई पंचेचाळिशीत गेली. रात्री झोपली ती उठलीच नाही. कशानं गेली ते कोण सांगणार?” फॉर्ममध्ये ‘हो’ आणि ‘नाही’ एवढेच दोन पर्याय. ‘कधी तपासलेच नाही’ असा पर्याय नाही. खूण ‘नाही’वर झाली, गुण पडला 0. अर्ध्या तासाने तिची शुगर मोजली, 286 निघाली.

त्या शून्याने आम्हाला पुढचे कित्येक दिवस सतावले. समाजशास्त्र शिकताना आम्ही ‘नोंद नसणे हीसुद्धा एक नोंद असते’ असे परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. ते डोळ्यांसमोर घडताना इथे पाहिले. म्हणून हा लेख फॉर्मच्या त्या एका रकान्याबद्दल आहे.

आधी फॉर्म कुठून आला ते पाहू. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन वारले. त्यांचा रक्तदाब कितीतरी वर्षे वाढतच होता, आणि त्या काळी डॉक्टर त्याकडे वयाबरोबर येणारी गोष्ट म्हणून पाहत. 1948 साली मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅम नावाच्या गावात 5209 स्त्री-पुरुषांची नोंद सुरू झाली. दर दोन वर्षांनी त्यांना तपासायचे, कुणाला हृदयविकार होतो ते पाहायचे, आणि त्याच्या आधी त्याच्यात काय वेगळे होते ते शोधायचे. 1961 साली याच अभ्यासाच्या एका निबंधातून ‘रिस्क फॅक्टर’ म्हणजे जोखमीचा घटक हा शब्द रूढ झाला. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचे गुण मांडून माणसाचा धोका आधीच सांगता येतो, ही मोठी गोष्ट त्या गावाने जगाला दिली. ते आम्ही नाकारत नाही. पण ते गाव जवळजवळ सगळे गोऱ्यांचे होते, बहुतेक मध्यमवर्गीय. सगळे एकाच हवेत राहणारे, म्हणून हवा मोजायची गरज कुणाला पडली नाही. फरक दिसला तो सवयींचा.

आता तेच 1948 साल आपल्याकडचे. बाबासाहेब 57 वर्षांचे होते आणि संविधानाच्या मसुद्याचे काम चालू होते. मधुमेह, रक्तदाब, संधिवात, पायांतल्या नसांचे दुखणे हे सगळे त्यांच्यामागे लागलेले. मुंबईत डॉ. मालवणकरांकडे उपचार घेताना त्यांचा डॉ. शारदा कबीर यांच्याशी परिचय वाढला आणि 15 एप्रिल 1948 रोजी दिल्लीत विवाह झाला. त्याच माईसाहेब. त्यानंतर इन्सुलिन आणि पथ्यपाणी त्यांनी सांभाळले. तरी 1954 साली बाबासाहेब जूनपासून ऑक्टोबरपर्यंत अंथरुणाला खिळून होते, दृष्टीही मंदावली होती. 6 डिसेंबर 1956 ला ते गेले तेव्हा वय 65.

त्यांचा फॉर्म भरून पाहा. तंबाखू 0, दारू 0. व्यायामाचा मात्र गुण पडला असता, आणि जागरणाचा रकाना असता तर तोही भरला असता. कुटुंबाचा इतिहास? चौदा भावंडांपैकी मोजकीच जगली. आई भीमाई ते लहान असतानाच गेल्या. स्वतःच्या पाच मुलांपैकी चार दगावली, राजरत्न 1926 साली. रमाई 27 मे 1935 ला गेल्या. एका घरातले हे एवढे मृत्यू, आणि फॉर्मच्या भाषेत कदाचित त्यातल्या एकाचाही गुण धरला गेला नसता. कारण ही माणसे शुगर होण्याइतकी जगलीच नाहीत.

इथे पुण्याचा एक अभ्यास आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक हवा. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा केला. बाळांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो भरले. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचे साडेतीन किलो. आपली बाळे हातापायांनी काडी, पण चरबी मात्र त्या मानाने राखून ठेवलेली. आई अर्धपोटी राहून शेतात राबते, तेव्हा पोटातले मूल स्नायू कमी बांधते आणि चरबी जपते. पुढे हेच मूल मोठे होऊन शहरात वडापाव आणि गोड चहावर जगू लागते तेव्हा त्याला शुगर लवकर गाठते. बारीक दिसणाऱ्या माणसालाही. “आमच्यात कोण जाडं आहे? आम्हाला कशी होईल शुगर?” असे म्हणणाऱ्या आपल्या पोरांनी हे नीट वाचावे.

म्हणजे कुटुंबाचा इतिहास हा रक्तातून येतो तसा भुकेतूनही येतो. तो अभ्यास काही खास आपल्या समाजावर झालेला नव्हता, तरी आमचा निष्कर्ष आम्ही सरळ मांडतो. ज्यांच्या आज्यांनी दारोदारचे शिळे तुकडे गोळा केले, ज्यांच्या आया 1972 च्या दुष्काळात खडी फोडताना गरोदर होत्या, त्यांच्या नातवंडांच्या फॉर्मवर शून्य लिहिणे हे अज्ञान आहे. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना सांगितले होते की गरोदर बाईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलावा. कायदा 1929 ला झाला. याज्ञिकांच्या वजनकाट्याच्या 65 वर्षे आधीची ही गोष्ट.

आता गोवंडीकडे येऊ. आपण रोज हार्बरच्या ज्या लोकलला लोंबकळतो, त्या मार्गाचा कुर्ला ते चेंबूर हा तुकडा 1906 साली मुळात कचरागाड्यांसाठी टाकलेला. माणसांना तो 1924 साली खुला झाला. आधी कचरा, मग माणूस, हा इथला क्रम तेव्हापासूनचा. 1896 च्या प्लेगने घाबरलेल्या शहराला आपली घाण गावाबाहेर हवी होती, आणि गावाबाहेर म्हणजे कुठे, हे या देशात कुणाला वेगळे शिकवावे लागत नाही. देवनारचे डम्पिंग 1927 साली सुरू झाले. त्याच वर्षी 20 मार्चला बाबासाहेब महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेत होते. 1971 साली कत्तलखाना वांद्र्याहून देवनारला आला. 1976 साली, आणीबाणीत, मानखुर्दची जनता कॉलनी उठवून हजारो माणसे चित्ता कॅम्पच्या दलदलीत नेऊन टाकली. दक्षिण मुंबईतल्या आणि इतर भागांतल्या तोडलेल्या झोपड्यांचे लोक शिवाजीनगर-बैंगनवाडीत आले. पुढे लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड इथे पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या केल्या, इतक्या की खालच्या मजल्यांवर दिवसा दिवा लावावा लागतो. तिथल्या टीबीचा आणि या अंधाराचा संबंध अभ्यासकांनी दाखवून दिला आहे. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात आपला एम-पूर्व वॉर्ड सगळ्यांत तळाला होता. 2016 च्या जानेवारीत डम्पिंग पेटले तेव्हा त्याचा धूर नासाच्या उपग्रहाला दिसला. 2022 च्या हिवाळ्यात गोवराने इथली बाळे नेली. देशभरच्या कुटुंबांच्या आरोग्याचे राष्ट्रीय सर्वेक्षण चालवणारी लोकसंख्या संस्था याच गोवंडी स्टेशन रोडवर आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

फॉर्मला हे अगदीच ठाऊक नाही असेही नाही. त्याच्या पुढच्या एका भागात विचारले आहे, स्वयंपाकाला सरपण, रॉकेल की गॅस. कचरा जाळण्याच्या किंवा धूर-धुळीच्या ठिकाणी काम करता का. विचारले आहे, पण त्याला गुण ठेवलेला नाही. धोक्याची बेरीज फक्त पहिल्या भागाची. तंबाखू खाल्ली तर गुण, डम्पिंगच्या भिंतीला टेकून आयुष्य काढले तर नुसती खूण. फॉर्म असा ठरवणाऱ्यांच्या मनात वाईट हेतू होता असे आम्ही म्हणणार नाही. फ्रेमिंगहॅमची सवय तशीच पुढे आली इतकेच.

इथवर वाचून काही मित्र खूश होतील. “बघा, सगळा दोष व्यवस्थेचा. आता वडापाव आणा.” नेमके इथेच आमचे आपल्याच लोकांशी भांडण आहे.

महाडच्या परिषदेत 19 मार्च 1927 ला बाबासाहेब काय म्हणाले ते आठवा. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, शिळे तुकडे मागणे सोडा. भुकेला कारण व्यवस्था होती हे त्यांच्याइतके कुणाला कळत होते? तरी सवय सोडायला सांगितली, आणि दुसऱ्याच दिवशी तळ्यावर मोर्चा नेला. आधी व्यवस्था बदलू मग सवय, किंवा आधी सुधरा मग हक्क मागा, अशी रांग त्यांनी लावली नाही. शिवाय ती सवय सुटली कशी? एकेकट्या माणसाने मनाचा निग्रह करून सुटली नाही. गावोगाव बैठका झाल्या, ठराव झाले. 14 ऑक्टोबर 1956 च्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा लाखोंनी एका आवाजात म्हटली. जगातली सगळ्यांत मोठी जीवनशैली-बदलाची मोहीम आपल्याच आजोबा-पणजोबांनी चालवली, आणि आज त्यांची नातवंडे मोबाइलमधली दहा हजार पावले मोजत बसतात. हा दहा हजारांचा आकडासुद्धा 1965 च्या सुमारास एका जपानी कंपनीने पावले मोजायचे यंत्र विकताना लोकप्रिय केला. पहाटे झाडू घेऊन निघालेली आमची ताई दुपारपर्यंत किती चालते ते कुठलेच यंत्र मोजत नाही. आणि तेवढे चालूनही तिची शुगर 286 आहे.

बौद्ध म्हणून एक गोष्ट आपण विसरतो. कोसलचा राजा पसेनदी हंडाभर भात खाऊन धापा टाकत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला दोष दिला नाही, मात्रा ओळखून जेवण्याबद्दल एक गाथा दिली. राजाने ती पुतण्याला पाठ करायला लावून रोज जेवताना म्हणून घेतली आणि हळूहळू आहार कमी केला. राजालाही सवय बदलायला शेजारी एक माणूस लागला.

आपल्या वस्तीत ज्या सवयी आपल्या हातात आहेत त्यांची यादी छोटी आहे. मिश्री आणि गुटखा. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे आणि कुठल्या टपरीवर मिळतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. दिवसाचे पाच-सहा गोड चहा. भाताचा डोंगर आणि शेजारी चमचाभर डाळ. लोणचे, पापड, चिप्सचे मीठ. पस्तिशीतल्या कार्यकर्त्यांची मोर्चा संपल्यावरची बाटली, जिच्याबद्दल जाहीर कुणी बोलत नाही. पुरुषांची कंबर 90 सेंटिमीटर आणि बायकांची 80 च्या वर गेली की सावध व्हायचे. बीपी 140/90, उपाशीपोटी शुगर 126, यापुढे आकडा गेला तर पुन्हा तपासून डॉक्टरकडे जायचे, कुणाच्या काढ्याकडे नाही. आणि गोवंडीसाठी खास: शुगर असलेल्याला टीबी होण्याचा धोका दोन-तीन पटीने जास्त असतो. दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर थुंकी तपासा, टीबी निघाला तर शुगरही तपासा. दोन्ही सरकारी दवाखान्यांत मोफत होते.

आमचा एक सहकारी अडतिसाव्या वर्षी गेला. जयंतीच्या मिरवणुकीत चार-चार रात्री जागणारा, भाषणात कुणाला न ऐकणारा. पायाची जखम महिनाभर भरत नव्हती, आणि आम्ही सगळे त्याच्या बुटांची थट्टा करत होतो. त्याला कुणी मारले, डम्पिंगने, गरिबीने, की आमच्या निष्काळजीपणाने, हा वाद आम्ही त्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी खूप घातला. शुगरची पट्टी त्याच्या बोटाला लावायची मात्र आमच्यापैकी कुणालाच सुचली नव्हती.

आता विहारात एक वही ठेवली आहे. सरकारी फॉर्ममधले सगळे रकाने त्यात आहेत, आणि आम्ही सहा वाढवले: आई-वडील किती वर्षांचे होऊन गेले, ते कधी तपासले गेले होते का, तुम्ही जन्मला त्या वर्षी आई काय काम करत होती, घर कितव्या मजल्यावर, खिडकीत ऊन येते का, कामावर धूर किंवा कचरा आहे का. दोनशेच्या वर पाने भरली की हीच वही घेऊन वॉर्ड ऑफिसला जायचे ठरले आहे. झाडूवाल्या ताईने आईच्या रकान्यात लिहून घेतले, ‘पंचेचाळीस, कधी तपासली नाही, दुष्काळी कामावर खडी फोडत होती.’ गेल्या महिन्यात तिची शुगर 164 होती. चहा दोनवर आणला आहे, गोळ्या चुकवत नाही. येत्या रविवारी वंदनेनंतर पुन्हा तपासणी आहे. उपाशीपोटी या, आणि आईला सोबत आणा.