ब्रिटानियाचे आठ सद्गुण आणि त्यांची उलटतपासणी

व्हिडिओ गेममधलं धर्माचं रूपक म्हटलं की झगे घातलेले पुजारी आणि शेवटी उघडा पडणारा ढोंगी महंत डोळ्यांपुढे येतो. ते नुसतं नेपथ्य झालं. रूपकाला धार चढते ती खेळाडूच्या स्वतःच्या हातून काही घडल्यावर. अमेरिकेतल्या रिचर्ड गॅरियट यांच्या 'अल्टिमा' मालिकेतले १९८५ ते १९९२ या काळातले भाग याचा भक्कम पुरावा आहेत, असं माझं मत आहे. या मालिकेने ब्रिटानिया नावाच्या राज्यात एक धर्म उभा केला आणि पुढे प्रत्येक भागात त्याचीच उलटतपासणी घेतली.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ मुलांना सैतानाच्या नादी लावतो, अशी ओरड अमेरिकेत चालू होती. तिसऱ्या 'अल्टिमा'च्या वेष्टनावर राक्षसाचं चित्र होतं, त्यामुळे गॅरियटनाही संतप्त पत्रं आली. सैतानाचा आरोप फोल होता. पण खेळाडू चोऱ्या करतात, निरपराध गावकरी मारतात आणि तरी जिंकतात, हे त्यांना खटकलं. म्हणून १९८५च्या चौथ्या भागात त्यांनी खलनायकच ठेवला नाही. प्रामाणिकपणा, करुणा, न्याय, नम्रता असे आठ सद्गुण अंगी बाणवून 'अवतार' व्हायचं, हेच ध्येय. शब्द आपल्याकडचा, पण अर्थ उलटा फिरलेला: आपला अवतार खाली उतरतो, इथे माणूस वर चढतो. प्रत्येक सद्गुणाचं देऊळ आणि मंत्र वेगळा, अध्यात्माचा मंत्र 'ओम', आणि या साऱ्याचं चिन्ह इजिप्तचं अँख. ही उसनवारी वरवरची आहे, हे मान्यच करायला हवं. खरा विचार दडला आहे तो जादूच्या वनस्पती विकणाऱ्या दुकानात. विक्रेती आंधळी आहे. किती नाणी ठेवायची ते खेळाडूनेच ठरवायचं. कमी ठेवली तरी ती काही म्हणत नाही. खेळ मात्र आत कुठेतरी त्याची नोंद करतो, आणि ती नोंद खेळाडूला दिसत नाही.

यावर कुणी म्हणेल की ही नीती नव्हे, पुण्याची खतावणी आहे. बक्षिसासाठी केलेला दानधर्म तो कसला दानधर्म? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं सर्वांत चांगलं उत्तर १९८८च्या पाचव्या भागानेच दिलं. राजा बेपत्ता आहे आणि गादी सांभाळणाऱ्या ब्लॅकथॉर्नने त्याच सद्गुणांचे कायदे केले आहेत: खोटं बोललात तर जीभ जाईल, निम्मी कमाई दान केली नाही तर कमाईच राहणार नाही. सद्गुण तेच, शब्दही जवळजवळ तेच. फरक इतकाच की मागे सोटा उभा आहे. सार्वजनिक नीतीची ठेकेदारी मागणाऱ्या धार्मिक संघटनांचा अमेरिकेतल्या राजकारणात दबदबा होता तो हाच काळ. सोट्याच्या धाकाने केलेल्या दानात करुणा उरते का, हा प्रश्न व्याख्यानातूनही मांडता येतो. पण आधीच्या भागात तेच दान राजीखुशीने केलेल्या खेळाडूला तो आपल्याच जुन्या वागणुकीच्या तुलनेत दिसतो.

१९९०च्या सहाव्या भागाने तर अवतारालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. ज्यांना आजवर राक्षस म्हणून कापून काढलं त्या गार्गॉइल लोकांचे स्वतःचे सद्गुण आहेत, ग्रंथ आहेत. त्यांचा मुलूख आपल्याच मागच्या पराक्रमांमुळे कोसळतो आहे, आणि त्यांच्या भविष्यवाणीतला खोटा प्रेषित म्हणजे आपणच.

सगळे पंथ दांभिक असतात, एवढंच का हे खेळ सांगतात? १९९२च्या सातव्या भागातली 'फेलोशिप' पाहिली तर तसं म्हणवत नाही. बंधुभावाची भाषा बोलणारा हा पंथ पॉज नावाच्या गरीब गावात निराश्रितांसाठी खरोखरच आसरा चालवतो; तिथे भुकेल्याला अन्न मिळतं. त्याच गावात सापाच्या विषाची चोरी होते आणि आसरा चालवणारं जोडपं पंथात न आलेल्या एका विधवेच्या मुलावर बोट ठेवतं. खेळाडूने ते ऐकून पुढे निघून जावं किंवा स्वतः शोध घ्यावा. शोध घेतला तर कुपी सापडते ती त्या जोडप्याच्याच मुलाच्या सामानात.