घोड्याचा दात

डिसेंबर १८९६. नेपाळच्या तराईतल्या एका दगडी स्तंभाभोवतीची माती दूर झाली आणि ब्राह्मी अक्षरे उजेडात आली. बुद्धाचा जन्म इथे झाला म्हणून सम्राट अशोक स्वतः इथे आला, पूजा केली आणि लुंबिनी गावाचा कर कमी केला, असे त्या लेखात होते. लेख अस्सल होता. त्याची बातमी जगाला देणारा आलॉइस फ्यूरर मात्र तसा नव्हता.

जर्मनीहून आलेला फ्यूरर संस्कृतचा जाणकार. १८८३ मध्ये त्याने संपादित केलेले वासिष्ठ धर्मशास्त्र मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत निघाले. पुढे तो लखनौच्या संग्रहालयाचा प्रमुख आणि सरकारी पुरातत्त्व सर्वेक्षक झाला. तराईतल्याच निगाली सागरजवळ भव्य स्तूपाचे अवशेष पाहिल्याचे त्याने अहवालात लिहिले. असा स्तूप तिथे नव्हताच. वर्णन पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या सांचीजवळच्या स्तूपांवरील जुन्या पुस्तकातून उचललेले होते.

याच काळात ऊ मा नावाच्या ब्रह्मी भिक्षूला तो बुद्धाचे म्हणून अवशेष पुरवत होता. त्यातला एक दात घोड्याचा निघाला. ज्याने तो श्रद्धेने हाती घेतला, त्या भिक्षूची ही क्रूर फसवणूक होती.

जानेवारी १८९८ मध्ये इतिहासकार व्हिन्सेंट स्मिथ तराईतल्या सागरवा इथल्या फ्यूररच्या खोदकामावर येऊन थडकले आणि बिंग फुटले. त्याच वर्षी फ्यूररला राजीनामा द्यावा लागला आणि त्याचा तराईवरचा ग्रंथ सरकारने मागे घेतला. पण सागरव्याचे लहान लहान स्तूप तोवर पार उकरले गेले होते. मातीचा थर एकदा खणला की पुन्हा रचता येत नाही. मागे उरते ती खणणाऱ्याची नोंदवही. इथे तीच खोटी होती. बुद्धाच्या शाक्य कुळातल्या वीरांची म्हणून त्याने छापलेली नावेसुद्धा बनावट ठरली.

१८९९ मध्ये पुरातत्त्वज्ञ पूर्णचंद्र मुखर्जी त्याच तराईत गेले. जागा पुन्हा पाहिल्या, मोजमापे घेतली, नकाशे काढले आणि फ्यूररच्या चुका नावानिशी नोंदवल्या.

तरीही डाग पसरलाच. १८९८ मध्येच जवळच्या पिप्रहवा इथे तिथले जमीनदार विल्यम पेप्पे यांना कोरीव लेखाचा अस्थिकलश सापडला होता. पेप्पे यांचा फ्यूररशी संपर्क होता, एवढ्यावरून त्या कलशाकडेही पुढची कित्येक दशके संशयाने पाहिले गेले. १९७० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ के. एम. श्रीवास्तव यांनी तोच स्तूप आणखी खोल खणला. पेप्पे पोहोचले त्याच्याही खाली, हात न लागलेल्या विटांच्या कप्प्यांत, आणखी अस्थिकलश ठेवलेले होते.