क्लॅरिटी-बीपीए

क्लॅरिटी-बीपीए : अन्नाच्या डब्यांतून, बाटल्यांतून आणि वेष्टनांतून माणसाच्या पोटात जाणाऱ्या बिस्फेनॉल-ए (बीपीए) या रसायनाचा शरीरावर काय परिणाम होतो, या वादाचा निकाल लावण्यासाठी अमेरिकेत २०१२ साली हाती घेतलेला संयुक्त संशोधन प्रकल्प. तेथील अन्न व औषध प्रशासन (एफडीए), राष्ट्रीय पर्यावरण आरोग्य विज्ञान संस्था, राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रम आणि विद्यापीठांतील १४ संशोधक गट त्यात सामील होते. संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करणाऱ्या रसायनांवरील संशोधनात सरकारी नियामक आणि विद्यापीठीय शास्त्रज्ञ एकाच प्रयोगावर मिळून कसे काम करू शकतात आणि त्यांचे कुठे अडते, हे या प्रकल्पातून फार स्पष्टपणे दिसले.

बीपीए हा पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकचा आणि इपॉक्सी रेझिनचा मूळ घटक आहे. बऱ्याच कडक, पारदर्शक बाटल्या पॉलिकार्बोनेटच्या असतात. आपल्याकडे कार्यालयांत आणि लग्नकार्यात दिसणारे पाण्याचे निळे २० लिटरचे जारही अनेकदा त्याचेच असतात. डबाबंद अन्नाच्या पत्र्याला आतून इपॉक्सीचा पातळ लेप देण्याची पद्धत रूढ झाली. उष्णतेने आणि वापराने यातले थोडे बीपीए सुटून अन्नपाण्यात उतरते. हे रसायन इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखे वागते, हे चार्ल्स डॉड्स आणि विल्फ्रिड लॉसन यांनी १९३६ मध्येच दाखवले होते. पॉलिकार्बोनेटचा शोध त्यानंतर, १९५३ मध्ये लागला. म्हणजे बाटली बाजारात येण्याआधीच तिच्यातल्या घटकाचा स्वभाव शास्त्राला माहीत होता, आणि तरीही तो प्रश्न कित्येक दशके कुणी गंभीरपणे उचलला नाही.

तो पुन्हा वर आला तो योगायोगाने. स्टॅनफर्ड विद्यापीठात डेव्हिड फेल्डमन यांच्या गटाला यीस्टच्या प्रयोगात इस्ट्रोजेनसारखा एक पदार्थ सापडला. तो यीस्टच तयार करत असावे, असे आधी वाटले. प्रत्यक्षात तो निर्जंतुकीकरणासाठी तापवलेल्या पॉलिकार्बोनेटच्या चंबूंतून पाण्यात उतरलेला बीपीए होता. हे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९७ मध्ये मिसूरी विद्यापीठाच्या फ्रेडरिक फॉम साल यांच्या गटाने गाभण उंदरांना अगदी अल्प मात्रा दिल्यावर त्यांच्या नर पिलांची प्रोस्टेट ग्रंथी मोठी झाल्याचे दाखवले. काही प्रयोगशाळांना हा परिणाम मिळाला, काहींना मिळाला नाही, आणि वाद पेटला. प्रत्येकाचे उंदीर वेगळ्या वाणाचे, खाद्य वेगळे, पिंजरे वेगळे. खाद्यात सोयाबीन असेल, तर त्यातली वनस्पतिजन्य इस्ट्रोजेनेच निकाल झाकोळू शकतात. पिंजरा पॉलिकार्बोनेटचा असेल, तर ज्या प्राण्यांना बीपीए द्यायचे नाही त्यांनाही ते मिळते.

क्लॅरिटीची आखणी या सगळ्या पळवाटा बुजवण्यासाठी झाली. आर्कान्सॉ राज्यात जेफरसन येथे एफडीएचे राष्ट्रीय विषशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. सर्व प्राणी तिथेच, त्या केंद्राच्या स्वतःच्या स्प्रेग-डॉली वाणाच्या वसाहतीतून वाढवले गेले. खाद्यातून सोया आणि लसूणघास वगळलेला. पिंजरे पॉलिसल्फोनचे, पाण्याच्या बाटल्या काचेच्या. शरीराच्या दर किलो वजनामागे रोज २.५, २५, २५०, २,५०० आणि २५,००० मायक्रोग्रॅम अशा पाच मात्रा ठरल्या. गर्भारपणाच्या सहाव्या दिवसापासून मादीला आणि जन्मानंतर थेट पिलांना नळीने पोटात औषध सोडावे तसे बीपीए दिले गेले. काही पिलांची मात्रा दूध तुटल्यावर थांबवली, काहींना ती दोन वर्षांपर्यंत चालू ठेवली. उंदीर इस्ट्रोजेनला प्रतिसाद देतात की नाही हे पाहण्यासाठी एका वेगळ्या गटाला गर्भनिरोधक गोळ्यांत असते ते एथिनिल एस्ट्राडायॉल दिले.

आखणीतला सर्वांत मोलाचा भाग पुढचा. याच प्रयोगातल्या प्राण्यांचे मेंदू, अंडाशय, प्रोस्टेट, स्तनग्रंथी वगैरे अवयव विद्यापीठांकडे फक्त सांकेतिक क्रमांक लावून पाठवले गेले. कोणत्या नमुन्याला किती मात्रा मिळाली, हे संशोधकांना ठाऊक नसे. आपली कच्ची आकडेवारी राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाच्या सार्वजनिक संग्रहात जमा केल्यावरच त्यांना संकेत उलगडून मिळे. निकाल पाहून आकडे सावरण्याची सोय कुणालाच ठेवली नव्हती. सहयोगी संशोधनात परस्पर विश्वास भाषणांनी निर्माण होत नाही, तो अशा व्यवस्थेतूनच होतो.

केंद्राच्या मूळ अभ्यासाचा मसुदा फेब्रुवारी २०१८ मध्ये आणि अंतिम अहवाल त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आला. बीपीएचे परिणाम एकंदरीत तुरळक आहेत आणि मात्रा वाढेल तसे वाढत नाहीत, असा त्याचा सूर होता. एक नोंद मात्र अस्वस्थ करणारी होती. दूध तुटल्यावर मात्रा थांबवलेल्या माद्यांत, सर्वांत कमी म्हणजे २.५ मायक्रोग्रॅमच्या गटात, स्तनग्रंथीच्या कर्करोगाचे प्रमाण बीपीए न दिलेल्या माद्यांपेक्षा जास्त निघाले. मसुदा आला तेव्हाच, विद्यापीठांचे सर्व निकाल हाती येण्याआधी, एफडीएने बीपीएचे सध्याचे मंजूर वापर सुरक्षित असल्याचे जाहीर केले. हा उतावळेपणा होता. प्रकल्पाचे प्रयोजनच दोन्ही बाजूंचे पुरावे एकत्र वाचण्याचे होते.

विद्यापीठांच्या निकालांनी वेगळेच चित्र उभे केले. टफ्ट्स विद्यापीठात ॲना सोटो यांच्या गटाला स्तनग्रंथीच्या वाढीत मात्रेगणिक सरळ न चढणारा प्रतिसाद दिसला. २५ ते २५० मायक्रोग्रॅमच्या दरम्यान त्याची दिशा बदलत होती. इलिनॉयमध्ये गेल प्रिन्स यांच्या गटाला प्रोस्टेटच्या मूळपेशींत अल्प मात्रेचा परिणाम आढळला. नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात हेदर पॅटिसॉल यांच्या गटाने पिलांच्या मेंदूतील जनुकांच्या कामात नर-मादीनुसार वेगवेगळे बदल नोंदवले. प्रकल्पाच्या उभारणीत सहभाग असलेले जेरी हाइन्डेल आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये आठ विद्यापीठीय अभ्यास एकत्र ताडून पाहिले, तेव्हा बदल सर्वांत ठळकपणे दिसले ते सर्वांत कमी मात्रेलाच.

मतभेदाचे मूळ इथे आहे. पारंपरिक विषशास्त्र ‘मात्रा जास्त, अपाय जास्त’ हे गृहीत धरते आणि एखाद्या मधल्याच गटात दिसलेला फरक योगायोग समजून बाजूला ठेवते. संप्रेरके मात्र अत्यल्प प्रमाणात काम करतात. प्रमाण फार वाढले, तर पेशी आपले ग्राहक रेणू कमी करून प्रतिसाद आवरतात. त्यामुळे अल्प मात्रेला दिसणारा परिणाम मोठ्या मात्रेला नाहीसा होणे यात शरीरशास्त्राच्या दृष्टीने काहीच विपरीत नाही. याशिवाय आक्षेप होते ते नळीने भरवण्याच्या पद्धतीवर, कारण त्या ताणाने संप्रेरके स्वतःच बदलतात आणि तोंडाच्या अस्तरातून होणारे शोषणही टळते. याच केंद्रात आधी झालेल्या ९० दिवसांच्या चाचणीत बीपीए न दिलेल्या प्राण्यांच्याही रक्तात त्याचा अंश सापडला होता, हा मुद्दाही टीकाकारांनी मांडला. विद्यापीठीय अहवालांचे संकलन २०२१ मध्ये निघाले, मूळ अहवालापासून वेगळे. नमुने, मात्रा, संकेत हे सगळे आधी एकमताने ठरवले होते; निकालांचा अर्थ कोणत्या कसोटीवर लावायचा, हे मात्र तितक्या काटेकोरपणे बांधून घेतले नव्हते. प्रकल्पाची खरी उणीव तीच.

युरोपात या निकालांची वाट पाहिली जात होती. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये दर किलो वजनामागे रोज ४ मायक्रोग्रॅम ही बीपीएची सह्य मर्यादा ठरवताना ती तात्पुरती ठेवली होती, ती अमेरिकेतला दीर्घकालीन अभ्यास पुरा व्हायचा होता म्हणून. एप्रिल २०२३ मध्ये प्राधिकरणाने ही मर्यादा ०.२ नॅनोग्रॅमवर, म्हणजे २०,००० पट खाली आणली. त्यासाठी निर्णायक ठरला तो उंदरांच्या प्रतिकारयंत्रणेतील पेशींवर दिसलेला परिणाम. जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेला ही मर्यादा मान्य झाली नाही. तिने २०० नॅनोग्रॅम सुचवले. हा आकडाही आधीच्या मर्यादेचा विसावा हिस्साच होता. डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने अन्नाशी संपर्कात येणाऱ्या वस्तूंमध्ये बीपीए वापरण्यावर बंदी घातली. नियम २० जानेवारी २०२५ पासून लागू झाला आणि बहुतेक वस्तूंसाठी उद्योगांना १८ महिन्यांची मुदत मिळाली. बीपीएच्या जागी बिस्फेनॉल-एस आणि बिस्फेनॉल-एफ ही त्याचीच भावंडे वापरली जात असल्याने इतर घातक बिस्फेनॉलेही या नियमाच्या कक्षेत घेतली आहेत.